जीपच्या पाठीचे दिवे

शहादेव माझ्या चुलत दिराचा पोरगा. कोवळ्या वयात आईबापाबरोबर ऊसतोडीला गेला, तिथं गाडी भरताना उसाची मोळी मानेवर पडली. तेव्हापासून मान वळत नाही. कुणी मागून हाक मारली की सगळा माणूसच वळतो, कणगी फिरवावी तसा. अनोळखी माणसाला वाटतं, काय रुबाब आहे याचा! रुबाब कसला, कुत्रं आडवं आलं तरी "सरका बाबा" म्हणणारं पोरगं ते.

असा माणूस आमच्या दूध सोसायटीच्या जीपवर ड्रायव्हर. हसू नका. पुढं बघून त्याच्यासारखी गाडी हाकणारा उमापूरकडं दुसरा नव्हता. जीप मिलिटरीच्या लिलावातली, चारी चाकांनी ओढणारी. खडक म्हणू नका, नदीची वाळू म्हणू नका, कुठूनही निघायची. अडायचं ते फक्त मागं जायला.

आणि तेरा सालच्या दुष्काळात रोजच मागं जायची वेळ आली. आमच्या वस्तीच्या खळ्यावर सोसायटीनं चारा छावणी घातली. दहा गावची गुरं तिथं दावणीला, आम्ही माणसंही गुरांपाशीच मुक्कामाला. जीप आधी खळ्यावर वळायची, आता वळायला जागाच उरली नाही. मग शहादेव वाटेच्या तोंडाशी जीप फिरवायचा आणि रिकामी रिवर्समध्ये आत आणायचा. दुधानं भरली की सरळ बाहेर. भरल्या कॅनला हिसका नको म्हणून ही रीत. वाट म्हणजे एका अंगाला बोराटीचं कुंपण, दुसऱ्या अंगाला बिनकठड्याची विहीर. आणि वेळ पहाटेची, आरशातही नुसता अंधार. उमापुरात मोठा टँकर दूध न्यायला यायचा, तो कुणासाठी थांबत नसे.

शहादेवची मान म्हणजे त्याची बायको, कडूबाई. हातात बॅटरी घेऊन जीपच्या मागच्या कोपऱ्याशी चालायची आणि पत्र्यावर थाप मारायची. एक थाप म्हणजे येऊ द्या, दोन थापा म्हणजे थांबा. नवऱ्याचं नाव कधी घेतलं नाही तिनं, पण त्याच्या जीपला बडवायला लाजली नाही.

लग्नाला किती वर्षं झाली हे आम्ही मोजायचं सोडून दिलं होतं, आणि त्याच दुष्काळात तिला दिवस गेले. सातवा लागला तरी बाई जीपमागं होतीच.

एका पहाटे मी म्हशीला पाणी दाखवत होते. थापा ऐकू येत होत्या, एकदम बंद झाल्या. जीप जागेवर थांबली. शहादेव उतरून ओरडला, "कडू! अगं कडू!" तो तिला नावानं हाक मारतो हे मला त्या दिवशी कळलं. मी धावले. कडूबाई विहिरीच्या काठाशी बसली होती, एक पाय आत लोंबकळत. बॅटरी खाली विहिरीत पडलेली, कोरड्या तळाला तशीच पेटलेली.

"काय न्हाई झालं," ती म्हणाली. "ढेकूळ निसटलं."

शहादेवनं तिला उठवलं. "उद्यापासनं तू यायचं न्हाई."

"मग जीप कोन आननार? तुमची मान?"

इतर कुणी यावं, तर त्या वेळी सगळे धारा काढायला बसलेले. माझे गुडघे तर आधीच रुसलेले.

सकाळी तो जीपला मागं दिवे मागायला चेअरमनकडं गेला. मीही गेले, कारण हा तिथं नुसता उभा राहिला असता. विठ्ठलराव चेअरमन चहा बशीत ओतत म्हणाले, "मागं जायला दिवे? आरं, सोसायटीनं फुडं जायचं असतं!"

मी म्हणाले, "दादा, तुमी बसा जीपमागं थापा मारायला. लई पुढं जाईल सोसायटी."

बशी तशीच हातात धरून ते हसले आणि म्हणाले, "घाल बाबा दिवे. काकूला घरी ने."

उमापूरचा सोमलिंगअप्पा बॅटऱ्यांचं आणि वायरिंगचं काम करायचा. त्यानं एका मोडलेल्या ट्रॅक्टरचे दोन दिवे काढले, जीपच्या मागं पट्टीवर आवळले आणि वायर थेट गिअरपर्यंत नेली. रिवर्स टाकला की दिवे आपोआप पेटणार. दिवसाच लावून दाखवले त्यानं. म्हणाला, "बायनाकाकू, आता तुमच्या ह्या पोराला पाठीला डोळे फुटले बगा."

दुसऱ्या पहाटे कडूबाईला घरात बसवून शहादेव एकटा आला. दिवे पेटले. विहिरीचा काठ, कुंपण, सगळी वाट पिठासारखी पांढरी दिसली. आणि उजेड खळ्यावर पडला, तशी छावणीतली सगळी गुरं एका दमात उठून उभी राहिली. हंबरडा असा की कानावर हात ठेवावा. दाव्याला हिसके, खुंटे उपटायला आलेले.

कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. चाऱ्याचा ट्रक असाच मागं मागं येऊन छावणीत लागायचा, दोन मोठे दिवे लावून. जनावरांना पक्कं ठाऊक, उजेड आला म्हणजे वाढं आलं, उसाच्या शेंड्यांचा चारा. त्या बिचाऱ्यांना दुधाची जीप काय माहीत. वाढं काही आलं नाही, आणि म्हशींनी पान्हा चोरला. कॅन अर्धेच भरले.

"काढ ते दिवे!" माणसं म्हणाली. "मुक्या जिवाला कावून फशिवतो?"

शहादेवनं मान खाली घातली. खाली तेवढी जाते त्याची.

आम्ही दोघं त्याच्या घरी गेलो तर कडूबाई दारात दुसरी बॅटरी पुसत बसलेली. "ऐकलं म्या सगळं. मी हायच की," म्हणाली. पोटावर एक हात, बॅटरीवर एक.

त्या संध्याकाळी चाऱ्याचा ट्रक येऊन गेला, गुरं खाऊन बसली, तेव्हा शहादेव सोमलिंगअप्पाला घेऊन आला. अप्पाला जीपमध्ये बसवलं आणि आपण माझ्या म्हशीपाशी शेणातच बसला. तिच्या डोळ्याला डोळा लागेल एवढं डोकं वाकवून.

"लावा दिवा, अप्पा."

"दिपला का बे?"

"मी दिपलो, ती बी दिपली. खाली घ्या."

"आरं, लांबचं दिसनार न्हाई मग."

"लांबचं कशाला बघायचंय मला? आरशात चाकामागची हातभर जमीन दिसली की बास."

अप्पा दिवा खाली वाकवायचा, हा म्हशीच्या जागेवरून बघायचा. पुन्हा वाकवायचा. शेवटी तेलाचा डबा कापून दोन्ही दिव्यांच्या वर पत्र्याची झडप ठोकली, टोपीला पुढं असते तशी. मग शहादेव उठला, म्हशीच्या कपाळावर हात फिरवला. म्हशीनं काही वर बघितलं नाही. रवंथ चालू होतं तिचं.

पुढच्या पहाटे मी कॅनपाशी उभी राहिले. जीप आली. उजेड चाकामागं, वाटेला चिकटून, सतरंजी उलगडावी तसा. विहिरीचा काठ दिसला आणि मागं राहिला. एकही जनावर उठलं नाही. माझ्या म्हशीनं कान तेवढा हलवला.

जीप कॅनपाशी आली, पण इंजिन काही बंद होईना. मला वाटलं, आता काय बिघडलं?

"काकू," आतून आवाज आला. "जरा दोन थापा मारा की. त्याबिगर पायच उचलंना ब्रेकवरनं."

मी मारल्या. इंजिन बंद झालं. धारांचा आवाज तेवढा चालू राहिला, भरभरून.

दूध रवाना करून मी कडूबाईकडं गेले. अंथरुणावर बसली होती, केस तसेच, डोळे जागरणानं लाल. माझ्याकडं बघून म्हणाली, "आत्याबाई, त्या थापा तुमच्या व्हत्या ना?"

"हितवर ऐकू आल्या?"

"आल्या. पर लई हळू मारल्या तुमी. उद्या जोरात मारा, म्हंजी मला झोप लागंल."