पाठ केलेला नंबर

सुलभाकाकू गेल्याचं मेघनानं मला कळवलं, तेव्हा मी तिला अंगठा दाखवला. खरंच. गेली चार वर्षं दर शुक्रवारी दुपारी तिचा एकच मेसेज यायचा, 'उद्या अकरा, आईला पिकअप,' आणि मी मीटिंगमध्ये बसल्याबसल्या न वाचता त्यावर अंगठ्याचं चित्र चिकटवायचो. त्या शुक्रवारीही चिकटवलं. दहा मिनिटांनी मेसेज उघडून वाचला... 'दादा, आई गेली. सकाळी, झोपेतच.' त्याखाली माझा पिवळाधमक अंगठा. मेघनाला फोन करून मी काहीतरी पुटपुटलो, तर रडतारडता ती म्हणाली, "इट्स ओके दादा. आई असती तर हसली असती. म्हणाली असती, शहाणा बघ, मेल्यावरसुद्धा वेळेवर पिकअप द्यायला तयार."

काकू माझ्या नात्यातल्या नव्हेत. मूळच्या नागपूरच्या, माझ्या आईच्या शाळेतल्या मैत्रीण. त्यांचे यजमान सिंगापूरला जहाजांच्या गोदीत इंजिनियर होते, तिथे त्यांची बावीस वर्षं गेली. यजमान वारल्यावर त्या इथे अमेरिकेत, रेडमंडला, लेकीकडे आल्या. इथे आलेल्या आज्या साधारणपणे नातवंडं सांभाळतात आणि मालिका बघतात. काकूंनी महिन्याभरात एका छोट्या संस्थेत नाव नोंदवलं. फसवून, विकून आणलेल्या बायकांना सोडवणारी संस्था. त्यांना दुभाषी हवे होते आणि काकूंना मराठी, हिंदी, कामचलाऊ तमिळ आणि मलय येत होती. येत नव्हतं ते फक्त ड्रायव्हिंग. "एकच आठवडा सोड ना दादा," मेघना म्हणाली होती. तो आठवडा चार वर्षं चालला. काकू आत कुणाची तरी कहाणी इंग्रजीत सांगत असत, मी बाहेर गाडीत बसून समोसे खात असे. आत काय चालतं ते मी विचारायचो नाही आणि त्या सांगायच्या नाहीत. "तुला सांगितलं तर संध्याकाळपर्यंत मराठी मंडळाच्या माइकवर जाईल," म्हणायच्या. मी हसायचो.

त्यांचे गुडघे दुखायला लागले तेव्हा मीच मोठ्या उत्साहानं त्यांना आमच्या नेहमीच्या किराणा दुकानामागच्या प्लाझातल्या मसाजवाल्याकडे नेलं. माझी पाठ तिथे वर्षभर दाबून घेत होतो. नुसता जात नव्हतो, ऑनलाइन पाच तारे देऊन परीक्षणही लिहिलं होतं. गाडीत काकूंना अभिमानानं वाचून दाखवलं: 'इथल्या मुली अतिशय कष्टाळू. सातही दिवस हजर. जेवण तिथेच, झोपणंही तिथेच. कामावरची अशी निष्ठा आजकाल बघायला मिळत नाही.' काकूंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि आत गेल्या. तासाभरानं बाहेर आल्या त्या लंगडतच. गाडीत बसून पट्टा लावला आणि म्हणाल्या, "अविनाश, ते आधी पुसून टाक."

आत काय घडलं ते तुकड्यातुकड्यानं कळलं. गुडघ्यावर जोर पडला तशा काकू "आई गं" म्हणाल्या, आणि पाय दाबणारी मुलगी एकदम थांबली. हळूच म्हणाली, "जास्त दुखलं का काकू?" वर्ध्याकडची होती. एकोणिसाव्या वर्षी नाचाच्या कामाला म्हणून एजंटानं सिंगापूरला नेलं, तिथून 'कलाकारांचा दौरा' म्हणून इकडे. पासपोर्ट दुकान चालवणाऱ्याकडे. पुढच्या खोल्यांत माझ्यासारख्यांच्या पाठी, मागच्या खोल्यांत बाकीचं सगळं. वर्षभर माझ्या पाठीवर तिचे हात होते. मी तिथे पालथा पडून फोनवर बहिणीशी मराठीत मंडळाच्या भानगडी बोलायचो आणि मध्येच तिला इंग्रजीत सांगायचो, जरा जोरात. ती काकूंना म्हणाली होती, "त्या काकांना सांगावं असं खूपदा वाटलं. नाही सांगितलं." माणसाची पारख होती तिला.

काकू मग दर आठवड्याला गुडघे घेऊन जाऊ लागल्या. मुलीला काही लिहून देता येत नव्हतं. "कागद सापडतो रे," काकू म्हणायच्या, "पाठ केलेलं सापडत नाही." म्हणून ती पाय दाबत असताना काकू आपला फोन नंबर पाढ्याच्या चालीवर म्हणायच्या आणि ती ओठातल्या ओठात मागून म्हणायची. तीन आठवड्यांत पाठ झाला. मग संस्थेच्या वकीलबाईंनी ठरवलं, येत्या शनिवारी अकरा वाजता ती कचरा टाकायला मागच्या दारानं येईल, काकू माझ्या गाडीत असतील, तिनं फक्त गाडीत बसायचं. मला गाडी चालवायची म्हणून सांगावं लागलं. मुलीचं नाव मात्र तेव्हाही सांगितलं नाही.

त्या शनिवारच्या आधीचा रविवार आमच्या मंडळाच्या गणपतीचा. शाळेच्या जिममध्ये कार्यक्रम, बास्केटबॉलच्या जाळीखाली बाप्पा. ज्येष्ठांचा सत्कार हा आमच्याकडे ठरलेला प्रकार. शाल, श्रीफळ, हार, आणि सत्कारमूर्तींची ओळख करून द्यायला मी, कारण माइक म्हटला की मला राहवत नाही. काकूंचं नाव मीच घुसवलं होतं. हार घालायला गेलो तर त्या एक पाऊल मागे सरल्या. मी म्हटलं, "बघा, नवरीपेक्षा जास्त लाजतायत!" लोक हसले. त्यांनी हार हातानंच अडवला आणि टेबलावर ठेवला. मी अजूनच चढलो. काकूंचं काम किती थोर, हे लोकांना कळायलाच हवं ना... सांगून टाकलं. आपल्याच वर्ध्याकडची एक लेक, आपण जिथे कोथिंबीर घेतो त्याच्या मागच्या प्लाझात अडकलीय, आणि या काकू तिला सोडवणार आहेत, येत्या आठवड्यातच बघा! टाळ्या कडकडल्या. कार्यक्रम मंडळाच्या पेजवर लाइव्ह चालू होता. काकू खुर्चीत बसलेल्या होत्या. त्यांनी डोळे मिटून घेतले, तेवढंच मला दिसलं. मला वाटलं, भारावल्या.

गाडीत बसल्यावर त्यांनी आधी वकीलबाईंना फोन लावून तो व्हिडिओ पेजवरून हटवायला लावला. मग हाराचं बोलल्या. सिंगापुरात यजमानांच्या ऑफिसची पार्टी एका क्लबात होती, तिथे आपल्याकडच्या मुली नाचायच्या. गिऱ्हाइकांनी हार विकत घ्यायचा आणि आवडेल तिच्या गळ्यात घालायचा, अशी पद्धत. जिला हार कमी, तिला नंतर गिऱ्हाइकाबरोबर पाठवायचे. "यजमानांनी एक घेतला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीपण वाजवल्या रे. मुलगी हसत होती, मला वाटलं खूश आहे." मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "त्या शहरात इंग्रजांच्या काळी चीन-जपानातून मुली जहाजांनी यायच्या. गोदीतले म्हातारे ऐकीव गोष्टी सांगायचे, कुठल्या गल्लीत कुठलं घर. आता विमानानं येतात, व्हिसावर येतात. शहर तेवढं चकाचक झालंय. आणि आपण, तिथे क्लबात आणि इथे मंडळात, दोन्ही वेळा टाळ्याच वाजवतो."

शनिवारी अकराला आम्ही मागच्या दाराशी होतो. साडेअकरा. बारा. मी पुढे जाऊन पाहिलं. काचांना आतून तपकिरी कागद लावलेले, एका फटीतून रिकामे पडद्यांचे रॉड दिसत होते. पोलिसांनी सगळं लिहून घेतलं. पुढे काही झालं नाही.

माझ्याच बोलण्यामुळे झालं, असं कुणी सिद्ध करू शकत नाही. अशी दुकानं अधूनमधून रात्रीतून उठतातच, असं वकीलबाईंनीही सांगितलं. आमच्या ऑफिसात सर्व्हर कोसळला की आम्ही कारणांचा अहवाल लिहितो आणि त्यात कुठल्याही माणसाला दोष द्यायचा नाही असा नियम आहे. एकदा धीर करून काकूंना मी हे सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. म्हणाल्या, "छान नियम आहे. मग ती मुलगी त्या अहवालात कुठे लिहितात?" त्यापलीकडे त्या मला कधी एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. फक्त मंडळाच्या माइकचं नाव घेऊन मला चिडवणं बंद झालं.

त्यानंतर संस्थेत जाण्याआधी आम्ही त्या पार्किंगमध्ये अर्धा तास थांबायचो. दर शनिवारी, दोन वर्षं. फोन त्यांच्या मांडीवर. दुकानाच्या जागी आता मुलांना गणित शिकवणारा क्लास आलाय, मंडळातल्या निम्म्या लोकांची मुलं तिथे जातात. मेघनानं फोनचा स्वस्तातला फॅमिली प्लॅन घेतला तेव्हा नंबर बदलायला काकूंनी साफ नकार दिला. शेवटच्या महिन्यात दोन दिवस दवाखान्यात होत्या तेव्हा मी विचारलं, "काकू, आता तरी तिचं नाव सांगा ना." त्या थोडं हसल्या. "फोन आला तर तीच सांगेल."

त्यांच्या फोटोला हार घालू दिला नाही, एवढं एक काम मला नीट जमलं. आणि फोन मागून घेतला. मेघना लाइन बंद करणार होती, मी ती माझ्या नावावर करून घेतली. गाडीत चार्जरला लावलेला असतो, कप ठेवायच्या खाचेत. शनिवारी अकराला मी त्या पार्किंगमध्ये जातो. फोन वाजतो अधूनमधून... गाडीचा विमा, म्हाताऱ्यांच्या औषधांच्या योजना. सुरुवातीला मी झडप घालून उचलायचो. मग एक दिवस लक्षात आलं, ती खरंच कुठूनतरी फोन करेल आणि पुरुषाचा आवाज ऐकेल. तोही माझा.

काकूंच्या व्हॉइसमेलवर त्यांनीच बोललेलं एक वाक्य आहे. मी माझ्या फोनवरून लावून ऐकलंय. "बोल गं, मी ऐकतेय." पाच रिंगनंतर पलीकडच्याला ते ऐकू जातं. म्हणून आता फोन वाजला की मी उचलत नाही. हात मांडीखाली दाबून, तोंड बंद ठेवून, रिंग मोजत बसतो.