मामाजींचे स्पीकर

लग्न होऊन गोंदियाजवळच्या कामठ्याला आले तेव्हा बैठकीत लाकडी खोक्यांसारखे दोन मोठे स्पीकर होते. एकावर टीव्ही, दुसऱ्यावर प्लास्टिकच्या फुलांची कुंडी. सासऱ्यांना मी मामाजी म्हणायची. तुमसरकडच्या खाणीवरचा एक विलायती इंजिनिअर मायदेशी परत जाताना मामाजींनी ते त्याच्याकडून घेतले होते आणि गोंदिया स्टेशनवरून बैलगाडीत धानाच्या तणसावर ठेवून घरी आणले होते. ही हकिगत प्रत्येक पाहुण्याला ऐकावी लागे. स्पीकर वाजताना मात्र मी कधी ऐकले नव्हते.

माझं माहेर भंडाऱ्याचं. पॉलिटेक्निकमधून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेला. शिकलेली सून म्हणून लग्नाच्या बोलणीत त्याचं फार कौतुक झालं. नंतर मी नोकरीचं विचारलं की नवरा म्हणायचा, "बाबाले विचार." मामाजी म्हणायचे, "तुह्या नवऱ्याले विचार." सासूबाई म्हणायच्या, "कोन नाई म्हनते? पन रोवना होऊ दे आधी." रोवणा म्हणजे धानाची लावणी झाली की कापणी, मग चुरणा म्हणजे मळणी, मग लग्नसराई. त्यातच मुलगी झाली. नाही असं कोणीच म्हणालं नाही, त्यामुळे भांडायचं तरी कोणाशी, हेच कळेना. दुपारी मी आंगणात वाळवण राखत बसायची. बिरसी विमानतळावरच्या शिकाऊ वैमानिकांची विमानं डोक्यावरून गोल फिरून पुन्हा तिथंच जायची. त्यात मुलीही असतात असं ऐकलं होतं.

लग्नाला सात-आठ वर्षं झाली असतील. मामाजींना कमी ऐकू येऊ लागलं होतं. एके दुपारी त्यांनी कुंडी खाली ठेवली, टीव्ही उतरवायला लावला आणि जुन्या अॅम्प्लिफायरवर भजनाची कॅसेट लावली. फुटक्या टिनावर रेती ओतावी तसा आवाज आला. त्यांनी लगेच बंद केलं.

"माह्ये कानच गेले आता," ते म्हणाले.

मी स्पीकरजवळ बसले. पुन्हा चालू करून कान लावला. "कान नाई मामाजी, स्पीकर गेला हाये."

"तुले कायचं समजते त्यातलं?"

"तेच तं शिकली होती मी."

ते माझ्याकडे पाहतच राहिले. ही गोष्ट ते साफ विसरून गेले होते.

जाळीचं कापड काढलं. कागदी पडद्याभोवतीची फोमची कडा बोट लावताच भुगा होऊन गळाली आणि बोटांना काळी चिकटून बसली. पडदा एका बाजूला कलला होता आणि त्याच्या मागची तारेची गुंडाळी चुंबकाला घासत होती. मी माहेरून आणलेल्या पेटीच्या तळातून माझी सोल्डरिंगची कांडी काढली. तिच्या टोकाला गंज चढला होता. पॉलिश पेपरनं ती घासताना मला रडू आलं, का ते तेव्हा कळलं नाही.

फोमच्या नव्या कडा नागपूरला मिळणार होत्या. नवरा त्याच्या खत-बियाण्याच्या दुकानासाठी तिकडं जायचा.

"मी बी येतो संग," मी म्हटलं.

"कायले? माप लिहून दे ना."

मी कागदावर गोल आखून दिला. त्यानं लहान कडा आणल्या. "दुकानदार म्हने, हेच चालते." पुन्हा त्याचं जाणं होईपर्यंत स्पीकर धानाच्या खोलीत पोट फाडल्यासारखे पडून राहिले. दुकानात उभं राहून 'हे नाही, ते द्या' म्हणायला मला पाच मिनिटं लागली असती. मी रोज त्या खोलीतून तांदूळ काढायची, त्यांच्याकडे पाहायची आणि स्वयंपाकाला लागायची.

अखेर कडा आल्या. गुंडाळी चुंबकाच्या फटीत अगदी मधोमध बसवावी लागते. त्यासाठी मामाजींच्या गुडघ्याचा जुना एक्स-रे कापून पातळ पट्ट्या केल्या आणि फटीत चारी बाजूंनी खोचल्या. मग कडा चिकटवल्या, जुने कंडेन्सर बदलले. सोल्युशन वाळल्यावर पट्ट्या काढून घेतल्या, घड्याळातला सेल काढला आणि त्याला दोन तारा लावून त्या स्पीकरला टेकवल्या. पडदा टुपकन बाहेर आला. मामाजींनी त्यावर तळहात ठेवला. मी पुन्हा तारा टेकवल्या.

"जित्ता हाये," ते म्हणाले.

लाइट आल्यावर कॅसेट लावली. मृदंगाचा ठोका जमिनीतून पायाला लागला. मामाजी लाकडाला हात लावून डोळे मिटून बसले. एवढी खुशी मला त्या घरात आधी कधी झाली नव्हती.

मग मामाजी गावभर सांगत सुटले, आमची सून इंजिनिअर आहे. लोक स्पीकर ऐकायला आले, पुढच्या खेपेला बिघडलेले मिक्सर आणि टीव्ही घेऊन आले. सासूबाई चहा करून म्हणायच्या, "ठेवा, सून घरीच बनवून देते." स्वयंपाक आटोपला की मी धानाच्या खोलीत कांडी घेऊन बसायची.

अशात पॉलिटेक्निकच्या मैत्रिणीचा फोन आला. गोंदियात एका प्रशिक्षण संस्थेत शिकवायला माणूस हवा होता. मी नवऱ्याला सांगितलं.

"आता तं घरीच तुहं काम चालून राहिलं," तो म्हणाला. "लोक मान देऊन राहिले. कायले धक्के खाते बसचे?"

तो वाईट हेतूनं बोलत नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की मला पाहिजे ते मिळालं. याआधी निदान 'घरी बसून शिक्षण वाया जातं' असं तरी म्हणता येत होतं; आता तेही गेलं.

दुसऱ्या दिवशी मी मामाजींकडे गेले. ते आंगणात बसले होते.

"मामाजी, मले नोकरी करायची हाये."

"काय?"

मोठ्यानं म्हटलं. त्यांनी कानामागं हात धरला. तेव्हा मी ओरडलेच, "मले नोकरी करायची हाये!"

स्वयंपाकघरातली भांडी थांबली. शेजारीण भिंतीवरून डोकावली.

"मंग कोन नाई म्हनते?" मामाजी म्हणाले.

"कोनी हो बी नाई म्हनत!"

त्यांनी मान खाली घातली. मग म्हणाले, "घरचं पाहून कर ना, काय करायचं ते." ते उठून आत गेले आणि त्यांनी कॅसेट लावली. सासूबाई माझ्याशी बोलेनाशा झाल्या. संस्थेतली ती जागा तोवर दुसऱ्या कोणाला मिळाली.

त्यानंतर एक बाई मिक्सर घेऊन आली. मी म्हटलं, "गोंदियाले न्या. मी नाई बनवत आता."

"काऊन? हात झिजते का?" आतून सासूबाई.

"हो, झिजते."

घरात कुरबुर झाली, पण मिक्सर यायचे थांबले.

पुढं मुलीला गोंदियाच्या शाळेत घातलं. बसनं तिला पोहोचवायला कोणीतरी हवं होतं. नवऱ्याला दुकान, मामाजींना झेपेना. मी जाते म्हटलं, त्यावर कोणाची हरकत नव्हती. शाळा सुटेपर्यंत तिथं बसून काय करायचं, म्हणून मी एका छोट्या संस्थेत शिकवायला लागले. घरी सांगितलं. कोणी हो म्हणालं नाही, कोणी नाही म्हणालं नाही. सून रोज कुठं जाते असं कोणी विचारलं की सासूबाई सांगतात, "पोरीले शाळेत पोहचवाले जाते."

पोरगी आता आठवीत आहे. गावातल्या मुलींबरोबर एकटी जाईन म्हणते. मैत्रिणी हसतात तिला, आई सोबत येते म्हणून.

मी म्हणते, एवढ्यात नको.