सुटलेल्या अक्षराची जागा

चष्मेवाल्याने मोर्सची टिंब-रेघांची भाषा शिकायला घेतली ती रेडिओच्या प्रेमापोटी नव्हे, रागापोटी. त्याच्या थोरल्या भावाला घरून संदेश पाठवायच्या हौशी रेडिओचा परवाना मिळून बरीच वर्षं झाली होती. पुतणीच्या लग्नात धाकट्याने नुसतं म्हटलं, "दादा, मलाही शिकायचंय." त्यावर दादा सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणाला, "तू? अरे, तुला ऐकून घ्यायची सवय तरी आहे का?" पाहुणे खो-खो हसले. त्या दिवसापासून चष्मेवाल्याने दादाशी अबोला धरला. आता परवाना काढायचा, रेडिओवरच दादाला गाठायचं आणि नाकावर टिच्चून एक जळजळीत टोमणा हाणायचा, असा बेत होता. टोमणा त्याने आधी तयार केला, अभ्यास नंतर.

जन्मभर लोकांना तक्ते वाचायला लावलेला माणूस तो. त्याने दुकानात नंबर तपासायच्या तक्त्याशेजारी टिंब-रेघांचा तक्ता टांगला आणि घडाघडा पाठ केला. एका आजोबांनी चुकून तोच वाचायला घेतला आणि "टिंब, रेघ, टिंब... डोळे गेलेच की हो माझे!" म्हणत खुर्चीत बसकण मारली.

शिकवायला होते जहाजावरच्या रेडिओखोलीतून निवृत्त झालेले मास्तर. ते तक्ता बघून म्हणाले, "हा उतरवा. टिंबं मोजत बसाल तर आवाज पुढे निघून जाईल. आणि अक्षर सुटलं तर जागा मोकळी सोडा, पुढचं धरा. सुटलं ते सोडायचं."

नेमकं हेच त्याला जमेना. एक अक्षर निसटलं की तो त्याच्यामागे धावे, तेवढ्यात पुढची चार निसटत. पहिल्या परीक्षेत त्याने सुरुवातीचं एकच अक्षर एवढ्या निष्ठेने शोधलं, की ते सापडलं तेव्हा परीक्षक कागद गोळा करत होते. दुसऱ्या परीक्षेतही तेच झालं. "हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणारा माझ्यासारखा दीडशहाणा दुसरा नसेल," असं त्याने घरी येऊन स्वतःच जाहीर केलं.

बायको म्हणाली, "त्यात नवीन काय? लग्नातलं एक वाक्य धरून बसलायत, तेवढ्यात पुतणीला मूल झालं. बघायला तरी गेलात का?"

ते मात्र त्याला लागलं. त्या बाळाचं तोंड बघायची त्याला फार इच्छा होती आणि नाक कापलं जाईल म्हणून तो गेला नव्हता.

मग त्याने दुकानातच सराव मांडला. गिऱ्हाइकाचा शब्द सुटला तर परत विचारायचं नाही! एका बाईंना काळ्याऐवजी लालभडक फ्रेम मिळाली. त्यांना ती आवडली, हे त्याचं नशीब. तिसऱ्या परीक्षेत त्याचा कागद उंदराने कुरतडल्यासारखा दिसत होता, पण जे होतं ते बरोबर होतं. तो कसाबसा पास झाला.

परवाना हातात आल्यावर एका सकाळी त्याने रेडिओ लावला. दादा त्याच्या नेहमीच्या लहरीवर कुणाशी तरी टिंब-रेघांत बोलत होता. त्याचं संपल्यावर चष्मेवाल्याने परवान्यावरची आपली खूण पाठवली आणि पुढे जोडलं, "धाकटा." तिकडून आवाज आला आणि त्याची पेन्सिल चालू लागली: "धाकट्या."

घरात त्याला या नावाने हाक मारणारं आता दुसरं कुणी उरलं नव्हतं. तो त्या एका शब्दाकडेच बघत राहिला आणि पुढचं सगळं डोक्यावरून गेलं. हात सवयीने मागे फिरायला निघाला. त्याने तो आवरला, ओळ रिकामी सोडली आणि शेवटचं पकडलं: "बाळाला बघायला ये."

बायकोने कागद ओढून घेतला. "आणि हे मधलं?"

"सुटलं."

"अहो, भाऊजींनी माफी मागितली असेल! परत पाठवायला सांगा ना."

"शिवीही घातली असेल."

"मग काय कळवणार त्यांना?"

टोमणा अक्षरन् अक्षर पाठ होता. चष्मेवाल्याने डोळे पुसले, चष्मा चढवला, बटणावर बोट ठेवलं आणि सावकाश वाजवलं, "सगळं ऐकलं, दादा. येतो."