शून्य ओहम

शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट करायला मी गोखिवऱ्याच्या एका गाळ्यात जात होतो. तिथे लोखंडातल्या भेगा शोधणारं यंत्र तयार होत होतं. ते लोखंडात आवाजाची लहर सोडायचं आणि परत आलेल्या लहरीचे आकडे करायचं, सेकंदाला चार कोटी वेळा. आकडे करणाऱ्या चिपपर्यंत ती लहर नीट पोचवायची, एवढंच काम माझ्याकडे होतं. एक अॅम्प्लिफायर, त्यापुढे एक रेझिस्टर, एक कपॅसिटर. गाळ्याच्या मालकांना आम्ही सर म्हणायचो. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, एवढं जमलं तर परीक्षेनंतर इथेच राहा.

तुळिंजला घरी हे सांगितलं तेव्हा वडिलांनी विचारलं, टीव्ही दुरुस्तीसारखं का? मी हो म्हणालो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. वर्गातल्या मुलांना अडलं की विचारायला कोणाचा भाऊ, कोणाचे काका असायचे. मला पडलेला प्रश्न माझ्याजवळच राहायचा. विचारलं तर आपल्याला काही येत नाही हे उघडं पडेल, अशी भीती वाटायची. ती आता पुरती गेली आहे असं म्हणवत नाही.

सोल्डरिंगला एक मावशी होत्या, वसईच्या ख्रिस्ती गावातल्या. तांदळाच्या कणीएवढे भाग चिमट्याने उचलून त्या सर्किटच्या कार्डावर बसवायच्या. प्रत्येक कार्डाला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली असे. कार्डाला जो हात लावेल त्याने काय लावलं, काय काढलं ते पेन्सिलीने लिहायचं, असा तिथला नियम होता. माझ्या कार्डाच्या चिठ्ठीवर त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं: तेहतीस ओहम, लावला.

एका शनिवारी दुपारी गाळ्यात कोणी नसताना तो रेझिस्टर मी काढला आणि त्याच्या जागी शून्य ओहमचा, म्हणजे काहीच न अडवणारा, तुकडा बसवला. दिसायला दोन्ही सारखेच. रेझिस्टर म्हणजे अडथळा, एवढं मला पाठ होतं. आधीच बारीक लहर, तिच्या वाटेत अडथळा कशाला, असं वाटलं. चिपच्या माहितीपत्रात त्याविषयी दोन पानं होती, पण इंग्रजी जड होतं म्हणून मी चित्र पाहून पान उलटलं होतं. चिठ्ठीवर काहीच लिहिलं नाही. आधी जमू दे, मग लिहू, असं ठरवलं.

जमलं नाही. आमच्या जुन्या ऑसिलोस्कोपवर लहर गुळगुळीत दिसायची, पण आकडे थरथरायचे. तो ऑसिलोस्कोप इतकी जलद थरथर दाखवूच शकत नव्हता, हे मला ठाऊक नव्हतं. दोन आठवडे मी वायरी बदलल्या, पॉवर सप्लाय बदलला. जेवणाच्या सुट्टीत मावशी आणि गाळ्यातल्या बाकीच्या बायका एकत्र बसायच्या. मी टेबलाशी एकटाच डबा उघडायचो आणि तेवढ्यातही आकडे बघायचो.

शेवटी सरांनीच कार्ड भिंगाखाली धरलं. मग चिठ्ठी वाचली आणि मावशींना हाक मारली. चिठ्ठीवर तेहतीस आहे, कार्डावर शून्य आहे, असं ते शांतपणे म्हणाले.

"चष्म्याचा नंबर वाढलाय सर, पन एवढा नाय," मावशी हसून म्हणाल्या. मग त्यांनीच भिंगातून पाहिलं आणि त्यांचं हसू गेलं.

मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलो होतो.

त्यांनी बसवलेली सगळी कार्डं पुन्हा तपासायची ठरली. दोन दिवस त्या भिंग लावून एकेक कण वाचत होत्या. एकातही चूक निघाली नाही. तरी दुसऱ्या दिवशी त्या सरांना हळूच म्हणाल्या की आता या कामाला कोणीतरी तरणी मुलगी बघा. ते मी ऐकलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी सरांच्या टेबलापुढे उभा राहून मी सगळं सांगितलं. का काढलास, त्यांनी विचारलं. लहर कमी होईल असं वाटलं, मी म्हणालो.

"मग विचारलं का नाहीस?"

सरांनी कागदावर आकृती काढली. ही चिप प्रत्येक मोजणीला एकदम घोटभर चार्ज ओढते. तो घोट तिला शेजारच्या कपॅसिटरमधून मिळायला हवा, आणि त्या कपॅसिटरचा भार अॅम्प्लिफायरवर थेट पडू नये म्हणून मध्ये रेझिस्टर. तो नसला की अॅम्प्लिफायर थरथरतो. आमच्या घरी नळाला पाणी बारीक यायचं, म्हणून आई तांब्या नळाखाली न धरता भरल्या बादलीत बुडवायची. इतकं साधं होतं ते. सांगायला सरांना पाच मिनिटं लागली.

"आता मावशींना सांग," ते म्हणाले. "मला सांगून काय उपयोग?"

मावशी दिव्याखाली वाकून बसल्या होत्या. मी सांगितलं तेव्हा त्यांनी चिमटा खाली ठेवला.

"मला वाटलं डोळे गेले," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "तू इथंच होतास ना रे, दोन दिवस?"

मी मान डोलावली. त्यांनी पुन्हा चिमटा उचलला.

तेहतीस ओहम मी परत बसवला, चिठ्ठीवर लिहिलं आणि मशीन चालू केलं. आकडे स्थिर झाले. एका ओळीत, हलेचनात. मी वळून पाहिलं, पण ते दाखवायला बोलवावं असं तिथे माझं कोणी उरलं नव्हतं.

सरांनी शब्द पाळला. मावशीही कामावर राहिल्या, माझ्याशी कामापुरतं बोलत राहिल्या. नोकरी लागल्याचं घरी सांगितलं तेव्हा आईने शेजारी पेढे वाटले. शेजारच्या काकांनी विचारलं, एवढं काय बनवलंस रे? वडील माझ्याकडे कौतुकाने बघत होते. बनवलं काहीच नाही, काढलेलं परत लावलं, असं मी म्हणालो, आणि सगळे हसले.