लवंगीचा उंच रांजण

आमच्या नातीला घरात सगळे लवंगी म्हणतात. शाळेच्या दाखल्यावर तिचं चांगलं लांबलचक नाव आहे, पण त्या नावानं हाक मारली तर ती वळूनही बघत नाही, इतकं ते परकं झालंय. अंगानं एवढीशी, नाकावर राग आणि डोळ्यांत हेवा. राग येतो तसा जातो. हेवा मात्र तिच्याबरोबर वाढत गेला, आणि मला विचाराल तर त्याच्याच जोरावर ती विद्यापीठापर्यंत पोचली.

धाकटा भाऊ जन्मला तेव्हा ही पायात घोटाळणारी पोर होती. भाऊ आईच्या मांडीवर होता तेवढी संधी साधून ही पाळण्यात जाऊन झोपली. पाळण्याची दोरी तुटली, बाईसाहेब धपकन खाली, आणि वर आम्हालाच विचारते, "त्याच्या वेळी का नाही तुटत?" पुढे शाळेत असताना शेजारच्या मुलीचा हात मोडला. तिला प्लॅस्टर घातलं आणि वर्गातल्या सगळ्यांनी त्यावर सह्या केल्या. झालं! आमची लवंगी हाताला पंचा गुंडाळून, गळ्यात अडकवून हिंडायला लागली. मला म्हणाली, "आजोबा, तुम्हीपण सही करा." केली. काय करणार? पंच्यावर सही करणारा मी जगातला पहिलाच आजोबा असेन.

तर ही मुलगी विद्यापीठात गेली ती मातीकाम शिकायला. माझं शिक्षण गावच्या शाळेतलं. मातीची भांडी करायला शिकवतात आणि वर पदवी देतात, हे ऐकून मला एवढं हसू आलं की चष्मा काढून पुसावा लागला. पण एकदा तिच्याकडे जाऊन बघितलं आणि हसू कुठल्या कुठं गेलं. लांबच्या लांब खोली, दोन्ही भिंतींना फिरती चाकं, कोपऱ्यात कपाटाएवढी विजेची भट्टी, आणि कोपरापर्यंत चिखलात माखलेली ही सगळी मोठमोठी माणसं. कुणी वर बघायला तयार नाही. आमच्या शाळेत एवढी शांतता फक्त तपासणीच्या दिवशी असायची.

त्यांचे शिकवणारे प्राध्यापक, पण मी त्यांना मास्तरच म्हणतो. लवंगीला ते आवडत नाही. हे मास्तर कमी बोलणारे. भांडं हातात घेऊन फिरवतात, बुडाशी बघतात आणि खाली ठेवताना एक तर "हं" म्हणतात, नाहीतर "बरं" म्हणतात. 'हं' मिळालं म्हणजे काम उत्तम. 'बरं' मिळालं की समजायचं, घरी जाऊन उशीत तोंड खुपसा. लवंगीच्या मोजणीनं तिला मिळायचे ते सगळे बरं. हं सगळे तिच्या खोलीतल्या मैत्रिणीकडे जायचे.

ही मैत्रीण म्हणजे राणीसरकार. नाव अर्थातच लवंगीनं ठेवलेलं. वसतिगृहातल्या एका खोलीत दोघी राहायच्या. दोन पलंग, एक कपाट, एक आरसा, एक खिडकी. खिडकीकडचा पलंग राणीसरकारचा, कारण ती आधी आली होती. लवंगीचा पलंग दाराशी, येणाऱ्याजाणाऱ्याचा धक्का खात. पहिल्या वर्षी आम्हाला फोन आला की निम्मा वेळ त्या मुलीचीच गाऱ्हाणी.

"आजोबा, तिला सर्दी झाली तरी ती सुंदर दिसते."

"बरं मग?"

"बरं नका म्हणू!"

कधी राणीसरकारचे केस, कधी तिचं अक्षर, कधी तिचे कपडे दोरीवर लवकर कसे वाळतात. आता कपडे वाळण्यात कुणाचं काय कर्तृत्व? पण लवंगीला वाटायचं, सूर्यसुद्धा वशिल्यानं चालतो. आमचा फोन, आमची नात, आणि बोलणं मात्र परक्या पोरीचं. खरं सांगतो, त्या मुलीचा मलाच हेवा वाटायला लागला होता.

मी गेलो होतो तेव्हा राणीसरकार भेटली. तिनं माझी पिशवी घेतली, मला चहा आणून दिला, माझ्या गोष्टी ऐकून पोट धरून हसली. परतताना मी मोठ्या प्रेमानं लवंगीला म्हटलं, "पोरगी गुणी आहे हो तुझी मैत्रीण." काय चुकलं माझं? मी गाडीत बसेपर्यंत नात माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. गाडी हलली तेव्हा खिडकीतून म्हणाली, "मग तिलाच नात करून घ्या."

आता मूळ गोष्टीकडे येतो. दरवर्षी सुट्टीत मास्तर आपल्या एका विद्यार्थ्याला स्वतःच्या कारखान्यावर नेतात. तिथं मोठी लाकडावरची भट्टी आहे, जुने कारागीर आहेत, आणि तिथून आलेला मुलगा वेगळाच होऊन येतो म्हणे. जागा एकच. वर्षाअखेरचं काम बघून मास्तर ठरवतात. लवंगीला ती जागा हवी होती. नुसती हवी होती असं नाही, फोनवर त्या कारखान्याचं बोलताना तिचा आवाज खाली यायचा. माझ्या ओळखीची लवंगी कशासाठी आवाज खाली आणत नाही. तेव्हाच मी समजलो, हे प्रकरण पंच्याचं नाही.

लवंगीचा हात वाडग्यांना चांगला. पातळ, हलके, ओठाला लावावेसे वाटणारे वाडगे ती करायची. वर्षाअखेरीसाठी तसेच करून फळीवर वाळत ठेवले होते. आणि एक दिवस तिनं बघितलं, राणीसरकार रांजण करतेय. कमरेएवढा नाही, पण चांगला मांडीपर्यंत येईल असा; दोन बाजूंना धरायचे दोन कान तेवढे लावायचे राहिले होते. सगळा वर्ग भोवती जमलेला. त्यांच्यात एक भोंगा म्हणून मुलगा आहे. त्याच्या तोंडून काही हळू निघतच नाही. तो ओरडला, "यंदाचा निकाल लागला रे!"

लवंगीनं काय करावं? कच्चे वाळलेले वाडगे उचलले आणि पाण्याच्या बादलीत बुडवले. कच्ची माती पाण्यात विरघळते. सगळ्या वाडग्यांचा चिखल झाला, त्यात आणखी माती मळली आणि बाईसाहेब रांजण करायला बसल्या. राणीसरकारच्या रांजणापेक्षा उंच. दोन बोटं का होईना, पण उंच.

"अगं, वाडगे चांगले होते तुझे," राणीसरकार म्हणाली.

"तुला कुणी विचारलंय?"

"नाही, पण उंच करायचा तर वाळायला वेळ लागतो."

"तुझा वाळतो ना? माझाही वाळेल."

भोंग्यानं हवेत नाक वर करून हुंगलं. "भट्टी लागायच्या आधीच जळका वास येतोय कुठूनतरी."

उंच भांडं उभं राहायचं तर बूड जाड लागतं, आणि जाड बूड वाळायला सगळ्यांत हट्टी. त्यांच्याकडे यावर एक पद्धत आहे. भट्टीत ठेवण्याआधी भांडं गालाला लावायचं. गार लागलं तर आत ओल आहे, ठेवायचं नाही. ओल राहिली की भट्टीत तिची वाफ होते आणि भांडं फुटतं, नुसतं फुटत नाही, शेजाऱ्याला घेऊन फुटतं. म्हणून मास्तरांचा नियम कडक. ज्याच्या हलगर्जीपणानं दुसऱ्याचं काम फुटेल, त्यानं त्या वर्षी कारखान्याचं नाव काढायचं नाही.

भट्टी भरायच्या दिवशी सगळे रांगेत. भोंगा दाराशी उभा राहून प्रत्येकाला विचारत होता, "गाल लावला?" राणीसरकारनं लावला. लवंगीनंही लावला. आणि आपला रांजण कुठं ठेवावा? मागे जागा होती, खालच्या कप्प्यात होती. तिनं तो ठेवला राणीसरकारच्या रांजणाला खेटून, अगदी दारासमोर. म्हणजे दार उघडलं की मास्तरांना दोन्ही एका नजरेत दिसावेत आणि कोणता उंच ते विचारावंही लागू नये.

दार उघडलं तेव्हा रांजण एकही नव्हता. नुसता खापरांचा ढीग. दोन्हींची माती एक, रंग एक, कुणाचा आधी फुटला ते कळायला मार्ग नाही. भोंगा दोन कपच्या जोडून बघत राहिला. आणि सगळ्यांच्या आधी राणीसरकारच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तिनं लवंगीचा हात धरला.

"माझंच चुकलं गं. कान मी फार उशिरा चिकटवले. सांधा ओला राहिला असणार. माझ्यापायी तुझाही गेला. एवढी राबली होतीस. मला माफ कर."

मास्तरांनी विचारलं, "कान कधी लावलेस?"

"भट्टी भरायच्या आदल्या दिवशी, सर."

"बरं," मास्तर म्हणाले.

राणीसरकारला मिळालेलं ते पहिलं बरं. म्हणजे नियमाप्रमाणे तिचा कारखाना गेला, आणि कामात तिच्या खालोखाल उरली कोण? आमची लवंगी. तिनं नुसतं तोंड मिटून उभं राहायचं होतं.

पुढचं तिनं मला फोनवर सांगितलं ते तिच्याच शब्दांत सांगतो. "आजोबा, आधी मला हायसं वाटलं. खोटं कशाला बोलू? म्हटलं, मिळाली जागा. पण मग सगळे तिच्याकडे बघायला लागले. भोंग्याचे डोळे भरले. सर तिच्याकडे ज्या नजरेनं बघत होते, तशा नजरेनं माझ्याकडे कधी कुणी बघितलं नाही. आणि मला असा संताप आला! चूक माझी, आणि माफी ती मागणार? तीसुद्धा इतकी छान? माझ्या वाटचं तेवढंही तिनंच न्यायचं?"

तर लवंगीनं हात सोडवून घेतला आणि ओरडली, "रडू नकोस! तुझा काही आपणहून फुटलेला नाही. माझा फुटला. माझं बूड ओलं होतं."

"पण तू गाल लावलास," भोंगा म्हणाला. "मी बघितलं ना."

"रांजणाच्या गळ्याला लावला. बुडाला नाही."

"का?"

"गार लागला असता म्हणून."

राणीसरकारचं रडणं थांबलं. तिनं हळू विचारलं, "आणि माझ्या शेजारी का ठेवलास?"

"उंच दिसावा म्हणून."

तुम्हाला वाटेल, आता दोघी गळ्यात पडल्या असतील. छे! ती मुलगी गुणी असली तरी माणूसच आहे. तिनं ढिगातून आपल्या रांजणाचा एक कान उचलला आणि खोलीबाहेर निघून गेली. मास्तर काही म्हणाले नाहीत. हंही नाही, बरंही नाही. लवंगीच्या हातात ब्रश दिला, आणि तिनं भट्टीत डोकं घालून कपच्या खरवडून काढल्या. कारखान्याची जागा राणीसरकारला मिळाली, आधीच्या कामावर.

मग खोलीत अबोला सुरू झाला. एक आरसा, एक कपाट, आणि दोघी एकमेकींना वळसा घालून चालतायत. लवंगी मला म्हणायची, "चार शिव्या तरी घालाव्यात ना तिनं! तेवढंही देत नाही." शेवटी एका सकाळी राणीसरकार दात घासता घासता थांबली आणि तोंडात फेस असतानाच भडकली.

"उंच दिसावा म्हणून! अगं, मग विटेवर ठेवायचास ना!"

"सुचलं नाही," लवंगी म्हणाली.

"कसं सुचेल? एवढे चांगले वाडगे बुडवणारीला कसं सुचेल? मला एकही तसा जमत नाही, आणि ही बादलीत घालते!"

आणि बराच वेळ ती बोलत राहिली. लवंगी पलंगावर मांडी घालून सगळं ऐकत होती. मला सांगताना म्हणाली, "आजोबा, शिव्याही छान घालते हो ती." आवाजात तोच जुना सूर. मला हायसं वाटलं. माझी नात जाग्यावर होती.

सुट्टीत लवंगी घरी आली. पहिले काही दिवस नुसतं छताकडे बघणं चाललं होतं. त्या कारखान्यात आता काय चाललं असेल, भट्टीत लाकूड कसं सारत असतील, हे ती विचारायची नाही, पण ताटातला घास हातात तसाच राहायचा. मग राणीसरकारचा फोन आला. लवंगीनं तो माझ्यासमोरच घेतला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता, कारण ती मुलगी रडकुंडीला आली होती.

"चाकाला हातसुद्धा लावू देत नाहीत गं! आल्यापासून नुसती माती तुडवते. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. पाय सुजले. तू सुटलीस बघ!"

मी मनात म्हटलं, चला, आता हिच्या जिवाला थंडावा मिळेल. लवंगीनं फोन कानाशी घट्ट धरून विचारलं, "कसली माती?"

"अं?"

"पांढरी की तांबडी?"

"पांढरी. का गं?"

"बारीक आहे? पायाला कशी लागते? अनवाणी तुडवायची की कसं? पाणी किती घालतात?"

राणीसरकार बिचारी सांगत बसली. लवंगी ऐकत होती आणि जमिनीवर तिचे पाय आपोआप वर-खाली व्हायला लागले होते. फोन ठेवला तेव्हा तिचा चेहरा असा झाला होता की मला वाटलं, काही वाईट बातमी आहे.

"काय गं? काय झालं?"

"पांढरी माती, आजोबा!" ती म्हणाली. "दिवसभर! आणि तिचे पाय सुजलेसुद्धा!"