खुर्ची न सोडणारे परीक्षक

सुरतेतल्या डिंडोलीच्या गणेश मंडळात एकपात्री स्पर्धेचे परीक्षक हिलालआप्पा, आणि दरवर्षी सगळ्यांचाच पहिला नंबर. आप्पांचा हात दहाच्या खाली उतरतच नसे. कुणी रडलं की दहा. कुणी रडता रडता हसलं, तरी दहा. एकजण घाबरून नुसता नमस्कार करून परत गेला, त्यालाही दहा. "अरे, एवढ्या लोकांसमोर उभा तर राहिला!" हे त्यांचं कारण. मग चिठ्ठ्या टाकून ढाल कुणाला द्यायची ते ठरायचं.

हा माणूस तरुणपणी खानदेशातल्या एका तमाशाच्या फडात गौळणीतली मावशी व्हायचा. डोक्यावर पदर, कंबर वाकडी, आणि "अगं बया" एवढं म्हणायचा अवकाश, बैलगाड्यांवर बसलेले लोक हसून खाली कोसळायचे. काय दिवस होते ते! पुढे फड मोडला आणि आप्पा सुरतेला लूमच्या खात्यात, कापड विणायच्या कारखान्यात, लागले. मागांच्या खडखडाटात आयुष्य गेल्यामुळे त्यांची कुजबुज दुसऱ्याच्या आरोळीएवढी असते. आता काम सुटलं, गुडघे गेले. रंगमंचाजवळ बसायला मिळायचं ते वर्षातल्या या एका संध्याकाळी, परीक्षकाच्या खुर्चीत. त्या दिवशी आप्पा सकाळीच दाढी करून, पावडर लावून तयार असत.

पण यंदा तीही खुर्ची धोक्यात होती. गेल्या वर्षी चेतन नावाच्या स्पर्धकाचा मावळा भर लढाईत वाक्य विसरला. फडात कधी संहिता नसायची. एक अडला की जवळचा बोलणं पुढे न्यायचा, आणि त्यात कुणाला उपकार वाटायचे नाहीत. त्याच सवयीने आप्पा वर चढले, मोगल झाले, आणि इतके रंगले की मावळाच हरला. मंडळाची फार शोभा झाली.

म्हणून यंदा अध्यक्ष हेमराजने स्पर्धेआधीच त्यांना गाठलं. "आप्पा, आ वखते चालशे नहीं, या वेळी नाही चालणार. गुण कमी-जास्त द्यायचे आणि खुर्ची सोडायची नाही. सोडलीत, तर पुढच्या वर्षी दुसरा परीक्षक."

"नाही सोडत, बाबा," आप्पा म्हणाले. ते मांडवापलीकडेही ऐकू गेलं.

पहिल्या रांगेत बायको शोभाबाई बसली होती. ती म्हणाली, "आज तरी तुमना तोंडले कुलूप लाई ठेवा."

शेजारच्या खुर्चीत यंदा नेमलेल्या दुसऱ्या परीक्षक, शाळेतल्या जयश्रीबाई, रकाने आखलेला कागद घेऊन बसल्या होत्या. अभिनय, उच्चार, पाठांतर. आप्पांनी पहिल्या स्पर्धकाला आठ गुण दिले आणि त्यांना घाम फुटला. दुसऱ्याला सात देताना तर त्यांनी डोळे मिटून घेतले.

मग स्वाती आली. ही परभणीकडची, जवळच्याच नवागामला घरी बसून साड्यांना टिकल्या चिकटवायची. तिचा प्रवेश स्वतःच रचलेला. गावाकडची सासू फोनवर चेहरा बघत बोलतेय, आणि सून एकाच खोलीचं घर मोठं दिसावं म्हणून फोन असा काही फिरवतेय, की त्याच कपाटाची तीन कपाटं व्हावीत. लोक खूश होते. "ही बैठकीची खोली, आत्याबाई. आता ही आतली..." म्हणत ती वळली आणि थांबली. पुढचं वाक्य गेलं.

स्वातीचे ओठ हलत होते, आवाज नव्हता.

आप्पांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. हेमराजकडे पाहिलं, शोभाबाईकडे पाहिलं. आणि मग बसल्या जागी त्यांची मान आपोआप वाकडी झाली.

"अगं बया! सूनबाई, मागं कोण खोकतंय गं?"

स्वाती दचकली. मग तिचे डोळे चमकले. "शेजारचे आहेत, आत्याबाई. भिंत पातळ आहे."

"शेजारचे? मग त्यानं माझ्या लेकाची बंडी का घातलीय?"

"घालून बघतायत, आत्याबाई. घामानं रंग जातो का ते!"

मांडव कोसळायचा तेवढा राहिला. जयश्रीबाईंची पेन्सिल खाली पडली. सासूने घराची उलटतपासणी घेतली, सुनेने एकही वार खाली पडू दिला नाही. शेवटी घंटा वाजवून वाजवून हेमराजचा हात दुखला, तेव्हा दोघी थांबल्या.

"खुर्ची सोडली का मी?" आप्पांनी लगेच विचारलं. "सांग, सोडली का?"

हेमराज हसू आवरत होता, पण जयश्रीबाईंनी डोळे पुसून कागद पुढे केला. "आप्पा, माझं पोट दुखतंय हसून. पण बाहेरून मदत मिळाली की एकपात्रीत स्पर्धक बाद. नियमच आहे तो."

स्वाती मंचावर तशीच उभी होती. मघाशी चमकणारा चेहरा पार उतरला होता.

"दोघांच्या प्रवेशाची स्पर्धा आहे ना यानंतर?" आप्पा म्हणाले. "हिला त्यात घ्या. मी बाहेरचा नाही, मी सासू."

"परीक्षकाला भाग घेता येत नाही, आप्पा," हेमराज हळूच म्हणाला.

छातीवरच्या परीक्षकाच्या बिल्ल्यावरून आप्पांनी एकदा हात फिरवला. मग गुडघ्यावर हात टेकून उठले, बिल्ला काढून खुर्चीत ठेवला, आणि शोभाबाईचा पदर ओढून म्हणाले, "तुझी शाल दे गं. सासू काय बोडक्या डोक्यानं वर जाईल?"

प्रवेश पुन्हा झाला, आणि त्यात मघाचं एक वाक्य म्हणून उरलं नाही. निकाल लागला तेव्हा जोडी दुसरी आली. आप्पा थेट जयश्रीबाईंपाशी गेले. "गुण कुठे कापलेत?"

"पाठांतरात. तुम्हाला काहीच पाठ नव्हतं."

"मग बरोबर आहे," आप्पा खुशीत म्हणाले, आणि निघताना स्वातीला बजावू लागले, "पुढच्या वर्षी सासराही लागेल आपल्याला. उंच, कमी बोलणारा आणि एका नजरेत सासूला गप्प करणारा."

स्वातीने शोभाबाईकडे पाहिलं. आप्पांनीही पाहिलं.

"मी नही करसू," शोभाबाई म्हणाली. चार पावलं पुढे गेली आणि वळून विचारलं, "मिशी कोन लाई दी माले?"