पितराचं ताट

वर्धेच्या काठावरच्या त्या गावात देशमुखांची पाच घरं. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितर म्हणून जेवायला पाचही घरी पुंजारामच लागायचा. मेलेला बाप कुणाचाही असो, पोट त्याचं. यंदा चार घरांना कुलपं होती. जमिनी ठेक्यानं देऊन माणसं अमरावती-पुण्याला गेलेली. पाचव्या घरी एकटे बापूसाहेब. त्यांनी स्वतः लाटलेली, कडेनं करपलेली पुरणपोळी वाढली आणि पुंजाराम त्यांच्या वडलांच्या नावानं मुकाट जेवला.

तो उठू लागला तसे बापूसाहेब म्हणाले, "पुढच्या अखाजीले माह्या नावानं बसजो."

"बसीन ना मालक. पन वाढीन कोन?"

बापूसाहेबांनी आणखी एक पोळी आणून त्याच्या ताटात ठेवली.

"मंग बस खाली. माह्या वाटची आताच खा."